एसीच्या पाण्याला उतार

गेल्या चैत्रात अण्णा, म्हणजे माझे वडील, पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावाहून नगरला माझ्याकडे राहायला आले आणि आठव्या दिवशी परत निघाले. ‘‘लेकीच्या घरी किती दिस ऱ्हायचं?’’ म्हणाले. खरं कारण मला ठाऊक होतं. त्यांना दिलेली वरची खोली पश्चिमेची, डोक्यावर थेट स्लॅब. दुपारी तीनला तिथे पापड भाजला असता. पण गावी तरी कोण होतं? आई गेल्यापासून ते एकटे. आदल्या उन्हाळ्यात चक्कर येऊन ओट्यावर पडले, तर शेजाऱ्यांना तासाभराने कळलं. ते परत गेले असते, तर रोज सकाळी त्यांनी फोन उचलेपर्यंत माझ्या जिवाला घोर. म्हणून मी जाहीर केलं, वर एसी बसणार आणि अण्णा राहणार.

‘‘बसव. पन बसवनारा मानूस मी बघनार,’’ अण्णा म्हणाले. मी आनंदाने हो म्हटलं. तिथेच फसले.

पहिला एसीवाला नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी सुचवलेला. त्याने फोनवरच सांगून टाकलं, ‘‘दीड टन लागेल मॅडम, उद्याच बसवतो.’’ अण्णांनी फोन ठेवायची खूण केली. ‘‘नाडी न बघता औषध देतो का ह्यो?’’

दुसरा घरी आला. दोन मिनिटांत एका भिंतीकडे बोट दाखवून मोकळा झाला. अण्णांनी एकच प्रश्न विचारला.

‘‘मशीनीचं पानी कुठं जानार?’’

‘‘ते काय, सोडून देऊ बाहेर. जाईल गल्लीत.’’

संपलंच. अण्णांची तरणीताठी वर्षं डोंगरावर चर खणण्यात आणि ओढ्याला बांध घालण्यात गेली. आमच्या गावात पाणी ‘सोडून देऊ’ म्हणणाऱ्या माणसाला कुणी दारात उभं करत नाही. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि हात जोडले.

इकडे ऊन वाढत होतं आणि माझा पारा त्याहून. ‘‘अण्णा, तुम्ही एसीवाला बघताय की जावई?’’

‘‘जावयाच्या वक्ताला घाई झाली हुती,’’ अण्णा शांतपणे म्हणाले. पेपरामागून सगळ्यात आधी नवराच हसला.

तिसऱ्याला मी सकाळी बोलावलं होतं. तो म्हणाला, दुपारी येतो, ऊन कुठल्या भिंतीला लागतं ते दुपारीच कळतं. दाराशी चपला काढून वर गेला, भिंतींना तळहात लावून पाहिले, गच्चीवर चढला, विजेचा बोर्ड उघडून वायर तपासली. मग म्हणाला, ‘‘ताई, आधी गच्चीला पांढरा रंग मारून घ्या. मग एक टनाचं मशीन पुरेल. आणि ही वायर जुनी आहे, मशीनसाठी नवी लाइन ओढावी लागेल.’’ गिऱ्हाइकाला मोठ्याऐवजी लहान मशीन घ्यायला सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

अण्णांनी पाण्याचा प्रश्न टाकला. ‘‘बघून सांगतो,’’ म्हणत तो खाली गेला, घराला चक्कर मारून आला. ‘‘मागचं लिंबाचं झाड तुमचंच ना? तिथवर नेता येईल.’’

अण्णा खूश झाले, पण हुरळले नाहीत. त्याच्याकडून दोन जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते घेतले आणि मला स्कूटर काढायला लावली. केडगाव झालं, भिंगार झालं. खोली गार होते का, हे त्यांनी कुठेच विचारलं नाही. ‘‘बिघडल्यावर बोलावलं तर येतो का?’’ एवढंच. केडगावच्या बाई म्हणाल्या, ‘‘येतो. सांगितल्या वेळेपेक्षा तासभर उशिरा येतो, पण तसा फोन करतो.’’

‘‘खरं बोलली बाई,’’ स्कूटरवर मागे बसता बसता अण्णा म्हणाले. ‘‘मानूस ठरला.’’

आता सगळं सुरळीत व्हायचं, तर मी मध्ये पडले. पाण्याचा पाइप खिडकीच्या चौकटीवरून तिरका खाली येणार होता. नव्या रंगाच्या भिंतीवर ते ध्यान मला बघवेना. तो पडद्याच्या दांडीमागून आडवा, लपवून न्या, असा मी हट्ट धरला.

‘‘ताई, उतार मिळणार नाही,’’ एसीवाला म्हणाला.

‘‘पानी चढ चढत न्हाई, पोरी,’’ अण्णा म्हणाले.

‘‘एवढंसं तर पाणी. जाईल!’’ मी म्हणाले. ज्या गावाने थेंबाथेंबाला उतार शोधून दिला, त्या गावची मी मुलगी.

मशीन माझ्या म्हणण्याप्रमाणे बसलं. तिसऱ्या दिवशी शाळेत शिकवून घरी आले, तर अण्णा कॉटवर मांडीवर पातेलं घेऊन बसलेले. मशीनमधून टपटप पाणी. उशी ओली. ‘‘माज्यापायी कशाला एवढा घोळ? उंद्याची यष्टी धरतो मी,’’ म्हणाले. माझ्या हट्टापायी अण्णा चालले होते.

मी लगेच एसीवाल्याला फोन केला. तो आला. तासभर उशिरा, तसा फोन करून. ‘मी सांगितलं होतं’ हे शब्द त्याने तोंडातून काढले नाहीत. पिशवीतून पारदर्शक नळी काढली, तिच्यात पाणी भरलं आणि म्हणाला, ‘‘बाबा, हे टोक धरता का? लेव्हल घेऊ.’’

अण्णा ताडकन उठले. असली नळी धरून त्यांनी अख्खा डोंगर मोजला होता. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला अण्णा, आणि हुकूम सगळे अण्णांचे. ‘‘आनखी दोन बोटं खाली. थांबा. व्हय, ह्यो झाला उतार!’’ पाइप खिडकीवरून तिरका, सगळ्या जगाला दिसेल असा गेला. मशीन चालू केलं आणि आम्ही तिघं खाली लिंबाशी जाऊन उभे राहिलो. थोड्या वेळाने पाइपच्या तोंडातून पहिला थेंब पडला, मग दुसरा. अण्णांनी टाळी वाजवली. मग आम्हीही वाजवली. शेजारीण गॅलरीत येऊन बघायला लागली.

हत्यारं आवरताना एसीवाला मला म्हणाला, ‘‘ताई, दिवाळीनंतर सर्व्हिसिंगला येईन. मी दुपारचाच येतो. तुम्ही शाळेत असणार, मग घरी कोण असतं?’’

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा लिंबाच्या आळ्याची माती सारखी करत होते. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

‘‘मी असतो की. मी हितंच ऱ्हातो.’’

मी चहा टाकायला आत गेले. डोळे पुसून झाल्यावर टाकला.