गॅलियम कमी आहे

जर्मनीतल्या बिटरफेल्डच्या कारखान्यात हायड्रुन लोबेकला सगळे जरा वचकूनच असत. तरुणपणी अकरा वर्षं तिने फोटोच्या फिल्मच्या कारखान्यात, अंधारात फिल्मवर लेप चढवले. तो बंद पडल्यावर ‘आता तुमचा काही उपयोग नाही’ हे तिने मुकाट्याने ऐकून घेतलं. पुन्हा ऐकायचं नाही, एवढं मात्र मनाशी ठरवलं. चाळिशी ओलांडून ती नव्याने शिकली आणि सौर पॅनेलच्या कारखान्यात लेझरच्या खोलीत लागली.

काचेवरच्या पातळ थरावर लेझर बारीक ठिपके मारी. दर ठिपक्याला ठिणगी उडे आणि तिच्या उजेडावरून तिथे तांबं, इंडियम, गॅलियम हे धातू किती ते कळे. हजारो ठिपक्यांचा मिळून रंगीत नकाशा होई.

त्या मार्चमध्ये नकाशाची डावी कड निळी पडली. तिथे गॅलियम कमी होतं, म्हणजे पॅनेल वीज कमी देणार. हायड्रुनने अकरा पॅनेलं तपासली, अकराही तशीच. उत्पादनप्रमुख फेल्टन नकाशे चाळून म्हणाला की यंत्र म्हातारं झालंय, माल शुक्रवारी जायचाय, पास म्हणून सही करून टाका.

तिने काच उचलली, उलट दिशेने फिरवून ठेवली आणि त्याच्यादेखत पुन्हा मोजली. निळी कड आता उजवीकडे आली.

“यंत्र चुकत असतं तर कड जागची हलली नसती, फेल्टनसाहेब. दोष काचेवर आहे.”

“लोबेकबाई, तुमचं काम मोजायचं. ठरवायचं माझं.”

“मग सहीही तुम्हीच करा.”

दुसऱ्या दिवशी तिला पॅकिंगला पाठवलं. तिथेही तिने त्या पॅनेलांच्या खोक्यांना हात लावला नाही. हात बांधून शेजारी उभी राहिली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आणखी चौघी तिच्या बाजूला येऊन थांबल्या. खोकी तिथेच राहिली.

अखेर लाइन थांबवून लेप देणारी भट्टी उघडावी लागली. डावीकडची गॅलियमची नळी निम्मी तुंबलेली निघाली.

फेल्टनने माफी मागितली नाही. सोमवारपासून पुन्हा लेझरवर या, एवढाच निरोप आला. ती थेट त्याच्या खोलीत गेली आणि ‘मोजमाप बरोबर होतं’ असं नोंदवहीत लिहून मागितलं. तो कुरकुरत लिहून मोकळा झाला. तिने चष्मा लावून ओळ वाचली आणि वही परत त्याच्यापुढे सरकवली.

“हा ‘बहुधा’ खोडा.”

त्याने खोडला.