तेहतीस फुटांचा धरसा

आमच्या घरी एकोणीस वर्षं एकाच माणसाचं दूध आलं. तो कुम्हारीच्या अलीकडच्या एका खेड्यातला. आधी सायकलीवरून यायचा, नंतर मोटरसायकलवरून. माझ्या बायकोला भौजी म्हणायचा, आणि आमच्या दारात उभं राहून राहून त्याला आमची नागपुरी मराठीही यायला लागली होती. एका उन्हाळ्यात त्यानं दुधाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीतून तीन नकाशे आणले.

"भैया, तुम्ही तं नक्शेवाले. पाहून द्या ना, आमचा धरसा कुठी गेला ते."

धरसा म्हणजे गावातून तळ्यावर आणि चराईच्या माळावर गुरं न्यायची वाट. ती सगळ्या गावाची असते, कोणा एकाची नसते. यांच्या धरशावर एका नव्या कॉलनीची भिंत आली होती. गुरं हायवेवरून वळसा घालून न्यावी लागत, आणि त्या वळशात त्याची एक गाभण म्हैस ट्रकखाली गेली होती. सात जनावरं उरली होती. वाट मिळाली तर ती राहणार, नाही मिळाली तर विकावी लागणार. गावातल्या चौदा जणांनी मिळून तहसिलीत अर्ज दिला होता, आणि तिथल्या साहेबांनी सांगितलं होतं, वाट नकाशावर दाखवा.

मी इथल्या स्टील प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसात आहे, नोकरीसाठीच या हिंदी मुलखात आलेला. मी हो म्हणालो.

पहिला नकाशा स्वातंत्र्याआधीच्या बंदोबस्ताचा, म्हणजे सरकारी जमीनमोजणीचा, कापडी नकाशावरून उतरवलेला. दुसरा साधारण माझ्या जन्माच्या सुमाराचा. तिसरा आताचा, कॉम्प्युटरवरचा. तळ्याचा बांध, एक विहीर आणि शिवेचा दगड ही तीन ठिकाणं तिन्हींवर होती. ती जुळवून मी ट्रेसिंग पेपरवर एकावर एक गाव काढलं. चार रविवार जेवणाचं टेबल अडलेलं होतं. पहिल्या नकाशात तीन तळी, शेवटच्यात एक. पहिल्यात एकसष्ट शेतं, शेवटच्यात दोनशे चौदा. भाऊ वाटणी करत गेले आणि शेतं चिंधीसारखी लांब, अरुंद होत गेली. खरं सांगायचं तर मला मजा येत होती.

मग धरशाची रुंदी मोजली. सोळा इंचाला मैल हे प्रमाण, म्हणजे एक इंच तीनशे तीस फुटांचा. पहिल्या नकाशात वाट सरळ तेहतीस फूट होती. शेवटच्यात वाटच नव्हती. मधल्यात कुठे वीस, कुठे सोळा. एका शेतासमोर फक्त अकरा. रेघेच्या जाडीचे दोन-अडीच फूट इकडेतिकडे धरले तरी अकराचे वीस होत नव्हते. त्या शेताचा नंबर मी अर्जाशी ताडून पाहिला. ते आमच्या दूधवाल्याच्या बापाचं होतं.

त्याला दाखवलं तेव्हा तो बराच वेळ भिंगातून पाहत राहिला. मग हसला.

"बाबा दरसाल बांध जरासा सरकवत असंल. सगळेच सरकवत होते. अकरा फुटातून म्हशी निघत होत्या ना भैया, एकामागं एक."

मग भिंग खाली ठेवून हळूच, त्याच्या घरच्या बोलीत म्हणाला, "बीच वाला ला छोड़ दे न भैया. पहिला आन् आताचा, दोनच लावा."

आमच्या ऑफिसात प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक तक्ता असतो. रिव्हिजन शून्य, एक, दोन. बदल काय, कारण काय. जुनी रिव्हिजन कोणी गाळत नाही. मी त्याला म्हणालो, "मधला गाळला तर मी सही करणार नाही." सही माझ्याकडे कोणी मागितलीच नव्हती.

तो गेल्यावर बायको म्हणाली, "कावून करून राहिले तुमी असं? त्यानं वाट मागितली, अन् तुमी त्याच्या बापाची चोरी काढून राहिले."

"मी नाही काढली. कागदावर आहे."

"कागदावर तं कवाची होती. दिसली कोनाले? तुमालेच!"

सुनावणीला मी रजा टाकून गेलो. माझ्या कागदाच्या कोपऱ्यातही तसाच तक्ता होता, तीन नकाशांच्या तीन ओळी. साहेबांनी माझा कागद उलटसुलट पाहिला. म्हणाले, "इतनी साफ ड्रॉइंग तो हमारे यहाँ कोई नहीं बनाता." मला बरं वाटलं. मग कॉलनीच्या वकिलानं माझ्याच तक्त्यातल्या मधल्या ओळीवर बोट ठेवलं. "सर, कॉलनी तो बाद में आई. रास्ता तो गाँव पहले ही खा चुका था."

मी म्हणालो, अकरा फूट तरी शिल्लक होते, आणि भिंत त्या अकरा फुटांवर आहे. साहेबांनी मान हलवली. ते रागावले नाहीत, कोणाची बाजूही घेतली नाही. म्हणाले, मग पूर्ण तेहतीस फुटांची मोजणी लावू, कडेची सगळी शेतं मोजू, ज्याच्याकडे जेवढी वाट निघेल तेवढी त्यानं सोडायची. कॉलनीनंही.

माझ्या दृष्टीनं हा न्याय होता. पण अर्जावरच्या चौदाही जणांची शेतं धरशाच्या कडेला होती. पुढच्या तारखेआधी नऊ जणांनी नावं मागे घेतली. त्यानंतरच्या तारखेला दूधवाला आणि मी, दोघंच बाकावर बसलो होतो. मोजणी कोणालाच नको होती. साहेबांनी अर्ज बंद केला.



जनावरं त्यानं दिवाळीआधी विकली. शेवटच्या दिवशी दूध घालून त्यानं कॅन मोटरसायकलला बांधला आणि म्हणाला, "तुमचा नक्शा बरोबर होता, भैया." त्यात टोमणा असावा म्हणून मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता. बायकोनं त्याला चहा विचारला. तो म्हणाला, "नको भौजी, आता इकडे येनं होनार नाही, तं चहाची सवय आता कायले लावू."

आता सुपेल्याच्या दुकानातून पाकिटाचं दूध येतं. एकदा मापून पाहिलं, पाचशे मिलीच भरलं.

मागच्या महिन्यात एका रविवारी मी ट्रेसिंग पुन्हा काढलं आणि मधला नकाशा गाळून तेच ड्रॉइंग नव्यानं केलं. चाळीस मिनिटं लागली. तेहतीस फुटांची वाट गावातून निघून सरळ भिंतीखाली जाते, बघणाऱ्याला एका नजरेत कळावं असं. देणार कोणाला? कोपऱ्यात सवयीनं तक्ता आखला, रिव्हिजन तीन असं लिहिलं. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते मात्र ठरेना. तो रकाना तसाच कोरा आहे.