चुन्यातली नीळ

आमच्या कान्हे गावातल्या घराला घट बसायच्या आधी चुना लागतो. डब्यातला तयार रंग आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, चालत नाही. आई होती तेव्हा चुना तीच कालवायची आणि पिवळेपणा मारायला त्यात चिमूटभर नीळ टाकायची. ती गेल्यावर हे काम माझ्या गळ्यात पडलं, ते पडलंच.

मी तळेगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. एके काळी निळा रंग दूरदेशचा दगड कुटून काढत आणि तो सोन्याच्या भावानं जाई, हे दरवर्षी नव्या मुलांना सांगते. मग घरी येऊन किराणा दुकानातली नीळ बादलीत ओतते.

यंदा पहिला हात वाळल्यावर आबा खाटेवरून म्हणाले, "पिवळं दिसतंय गं. नीळ कमी पडली."

दुसऱ्या हाताला नीळ वाढवली.

"अजून पिवळंच हाय."

"आबा, भिंत निळी झालीये."

"कुटं निळी? तुजी आई करायची तसं पांढरं न्हाई आलं."

आईचा विषय निघाला की माझं तोंड बंद. शिवाय वाद घालण्यापेक्षा कुंचा फिरवणं कमी त्रासाचं. शाळा, स्वयंपाक, त्यांची औषधं, आणि वर ही भिंत. घट बसले तेव्हा शेजारच्या मावशी दारातून डोकावून हसल्या, "घर रंगवलंस का शाळा?" मला उत्तर द्यायचाही कंटाळा आला.

दसऱ्यानंतर आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, डोळ्यातलं भिंगच पिवळं पडलं होतं, त्यांना कित्येक दिवस सगळंच पिवळट दिसत असणार. एरवी मी पोट धरून हसले असते. पिवळेपणा त्यांच्या डोळ्यात आणि मी औषध लावत होते भिंतीला. पण डोक्यात एकच आलं, आता यांना भिंत नीट दिसणार, आणि मला पुन्हा बादली भरावी लागणार.

घरी आल्यावर आबा खाटेवर टेकले आणि बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले.

"ही निळी कुणी केली?"

"तुम्हीच सांगितलंत."

पुढचं ऐकायच्या आधीच मी कुंचा भिजत घालायला उठले.

"थांब वाईच," आबा म्हणाले. आता ते माझ्याकडे बघत होते. केसांना मेंदी लावायचं मी कधीच सोडलं होतं, त्याला वेळ कुठून आणायचा?

"तुजं केस कवा पिकलं गं?"

"पिकले असतील कधीतरी."

"मला कसं दिसलं न्हाई?"

आबा सरकले, खाटेवर जागा केली.

"ऱ्हाऊ दे ती भिंत. निळी तर निळी. तू बस हितं."

मी बसले. आई गेल्यापासून मला कोणी बस म्हटलं नव्हतं.