फिरत्या चकतीची हार्ड डिस्क

पोलिसांच्या नोकरीत दरोड्यांचे तपास केले, खुनांचेही केले. पण अजूनही सगळ्यात जास्त आठवतो तो एक साधा तक्रार अर्ज. तेव्हा मी पारोळा तालुक्यात नेमणुकीला होतो.

सकाळची हजेरी आटोपत असताना एक वयस्क गृहस्थ लॅपटॉप छातीशी धरून ठाण्यात आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा. निवृत्त मुख्याध्यापक होते. गावात सगळे त्यांना आबा म्हणत.

"साहेब, माझी लेक चोरीला गेली," ते म्हणाले.

ठाणे अंमलदाराने झटकन पेन उचललं. मी आबांना बसवलं, पाणी दिलं, तेव्हा उलगडा झाला. त्यांची एकुलती एक मुलगी धुळ्याला विज्ञानाची शिक्षिका होती. शाळा बंद होत्या त्या काळात तिने मुलांसाठी घरी बसून धडे रेकॉर्ड केले. पुढे आजारपणात ती गेली. ते धडे या लॅपटॉपमध्ये होते आणि आबा ते रोज पाहत.

"आयुष्यभर शिकवलं, साहेब. आता तिच्या वर्गात बसतो."

आबा पुतण्यासोबत ऑपरेशनला धुळ्याला गेले, त्या दोन दिवसांत लॅपटॉप बंद पडला म्हणून त्यांच्या पत्नीने, अक्कांनी, तो बसस्टँडजवळच्या दुकानात दुरुस्तीला दिला. परत आला तेव्हा त्यात एकही धडा नव्हता. दुकानदार म्हणे, जुनी हार्ड डिस्क खराब झाली, नवी बसवली, जुनी भंगारात गेली.

मी अर्ज चौकशीवर घेतला. दुपारी फोनवर खबर आली. "तो दुकानदार जुन्या डिस्कमधले बायकांचे फोटो काढून ठेवतो," असं एका व्यापाऱ्याने सांगितलं. आता प्रकरणाला वेगळंच वळण लागलं. दोन पंच घेऊन दुकानाची झडती घेतली. खबर खोटी निघाली. आक्षेपार्ह काही सापडलं नाही, पण आबांची डिस्कही सापडली नाही. तेवढ्यात दुकानासमोर माणसं जमली होती आणि जो तो काहीबाही बोलत होता.

दुकानदाराला ठाण्यात आणलं. पस्तिशीचा, मऊ बोलणारा माणूस. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. तो एकच सांगत राहिला, "भंगारात गेली, साहेब."

खोटं बोलणारा सराईत असेल तर तपशील भरपूर देतो. भंगारवाल्याच्या गाडीचा रंगसुद्धा सांगतो. याच्याकडे एकच वाक्य होतं. दुसऱ्याने दिलेलं सांभाळावं तसं तो ते सांभाळत होता.

त्याच्या दुकानातली कामाची नोंद मी आमच्या संगणक विभागातल्या महिला शिपायाला दाखवली. ती वाचून तिच्या कपाळाला आठी पडली.

"साहेब, यांनी फिरत्या चकतीची डिस्क बसवली आहे. आता कोणी ती घेत नाही. लॅपटॉप उघडला की आधी एसएसडी टाकतात, म्हणजे चकती नसलेली, आवाज न करणारी डिस्क. ती वेगाने चालते, धक्का लागला तरी सहसा बिघडत नाही. खूप साठवायचं असेल तर एखादा चकतीची घेतो. पण इथे साठवण जुन्याइतकीच आहे. आणि हे बघा, पुढे लिहिलंय, ग्राहकाच्या आग्रहावरून."

मी दुकानदारासमोर नोंद ठेवली आणि या वेळी शांतपणे विचारलं, "ही डिस्क कोणी निवडली?"

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "मी एसएसडीच घ्या म्हणालो होतो. अक्का म्हणाल्या, जुनीसारखीच पाहिजे. घुर्रर्र आवाज करणारी. आवाज बदलला तर डिस्क बदलल्याचं आबांना कळेल. आणि जुनी घरी नेताना, कोणी विचारलं तर भंगारात गेली एवढंच सांग म्हणाल्या."

"लोक तुला नको ते बोलत होते. तेव्हा का नाही सांगितलंस?"

"त्या घरात दोनच माणसं उरली आहेत, साहेब. त्यांच्यात माझ्यामुळे भांडण लागलं असतं."

मी त्याची माफी मागितली आणि साध्या वेशात, महिला शिपायाला घेऊन आबांच्या घरी गेलो. अक्का ज्वारी निवडत होत्या. मी काही विचारण्याआधीच त्या उठल्या, कपाटातून लेकीच्या ओढणीत गुंडाळलेली डिस्क काढली आणि आबांसमोर ठेवली.

आबा घरच्या अहिराणीत म्हणाले, "माले सांगनं नही का?"

"सांगतू कशी?" अक्कांचा आवाज फुटला. "तुम्ही बठ्ठा दिन तिलेच दखत बसेत. जेवाले उठेत नही, मनासंगे बोलेत नही. मी जित्ती शे, हाई तुमना ध्यानमाच ऱ्हायनं नही."

दिवसभर लेकीला पाहताना बायको जिवंत आहे हेच आबा विसरले, असं अक्का म्हणत होत्या. आबा हळूच म्हणाले, "तू कधीच दखाले उनी नही."

"माले दखवत नही. तिना आवाज आयका की मना जीव जास."

अक्कांना तो आवाज ऐकवत नाही, हे लेक गेल्यापासून इतके महिने एका घरात राहून आबांना माहीत नव्हतं. त्यांनी चष्मा काढून डोळे टिपले. महिला शिपाई तोंड फिरवून बाहेर गेली. मी डिस्क आबांच्या हातात देऊ लागलो, तर त्यांनी ती अक्कांच्या ओंजळीत ठेवली.

"तुनाजोडेच ऱ्हाऊ दे. जवय तू म्हनशी, तवय दखू. दोन्ही जन."

दुसऱ्या दिवशी आबा दुकानात गेले. भर बाजारात, जमलेल्या लोकांसमोर त्यांनी दुकानदाराला हात जोडले. दुकानदाराने ते हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं. मग ठाण्यात येऊन आबांनी तक्रार नसल्याचा जबाब दिला. मी अर्ज निकाली काढला.

काही महिन्यांनी माझी बदली झाली. निघण्याआधी आबा भेटले. म्हणाले, "काल एक धडा लावला. ही मध्येच उठून गेली. मी बंद केला आणि तिच्या मागे गेलो."

या प्रकरणात चूक माझीही होती. पहिल्या दिवशी मी आबांचा सविस्तर जबाब घेतला, दुकानदाराला दिवसभर बसवून ठेवलं. पण लॅपटॉप ज्यांनी स्वतःच्या हाताने दुकानात दिला, त्या अक्कांना मी एक प्रश्नही विचारला नव्हता. त्या घरात दुःख आबांनाच झालंय, असं मी धरून चाललो होतो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत जिथे मरण झालं आहे अशा घरी चौकशीला गेलो, की मोठ्याने रडणाऱ्याचं ऐकून झाल्यावर मी आत, स्वयंपाकघराच्या दाराशी जायचो. तिथे उभ्या असलेल्या बाईला विचारायचो, "आणि तुम्ही कशा आहात?"