दिघे मॅडम आणि मिलवाल्यांचा श्वास

लॅबमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाकडे निष्कर्ष मूठभर आणि किस्से ढीगभर! निष्कर्ष छापून येतात, किस्से आपल्याकडेच साचतात. सोनवणे आणि मी भेटलो की ते निघतातच. पूर्वी पोट धरून हसायचो. आता हसू अर्ध्यावरच विरतं.

आम्ही दोघं इंदूरला दिघे मॅडमच्या हाताखाली पीएचडी करत होतो. विषय पेप्टिडेज, म्हणजे प्रथिनं कापणारी एंझाइम्स, आणि त्यांना रोखणारे इनहिबिटर्स. कापसाच्या धुळीत राबणाऱ्या मिलवाल्यांच्या फुप्फुसांत ही एंझाइम्स काय धुमाकूळ घालतात, ते त्यांच्या थुंकीतून शोधायचं. मॅडमचे वडील मिलमध्येच होते. खोकत खोकतच गेले. हे त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं, तेही टेस्टट्यूबवरची नजर न हलवता.

*

गणपतजी मिलच्या कताई खात्यातले. मूळ खानदेशातलं, जबान पक्की इंदुरी. पहिल्यांदा हातात नमुन्याची डबी दिली तर म्हणाले, "मॅडमजी, पूरी जिंदगी सुपरवायझर ओरडायचा, इथे थुंकू नका. अन् तुम्ही म्हणता, थुंका!"

मॅडमनी समजावलं, "छातीत एक कात्री असते, गणपतजी. जंतू कापायला. धूळ आत गेली की ती भडकते, फुप्फुसच कापत सुटते. इनहिबिटर म्हणजे त्या कात्रीला टाळं."

"मतलब काम बंद?"

"काम बंद."

"मग आमच्या मिलमध्ये आलाच समजा तुमचा इनहिबिटर!"

बाकीचे मिलवाले खोकत खोकत हसले. थोड्याच दिवसांत मिलच्या गेटला टाळं लागलं.

*

उन्हाळ्यात लाइट सारखी जायची. नमुने गरम झाले की एंझाइम्स एकमेकांनाच कापून संपायची. म्हणून सोनवणे स्कूटरवरून सियागंजच्या बाजारात जाऊन बर्फाची लादी आणायचा.

बर्फवाल्याने विचारलं, "क्या भिया, घर में शादी है?"

सोनवणे महूचा, फौजी आजोबांचा नातू. खोटं बोलणं रक्तातच नाही! "नहीं भिया, थूक ठंडा रखना है."

तेव्हापासून बर्फवाला लादी दुरूनच सरकवायचा.

*

पूर्वी परदेशी केमिकल मागवलं की परमिट, कस्टम, महिनोन्‌महिने वाट! मग बाजार खुला झाला. एक टायवाला सेल्समन चकचकीत कॅटलॉग घेऊन आला. "मॅम, जो चाहिए बोलिए. एका हफ्त्यात टेबलवर!"

ज्याच्यासाठी मॅडम वर्षानुवर्षं खोळंबल्या होत्या, तो इनहिबिटर पहिल्याच पानावर होता. पण तोवर मिलवाले कुठेकुठे पांगले होते. मॅडमनी कॅटलॉग मिटलं. "हमारे मिलवाले आते थे. वो मिलेंगे?"

त्या बिचाऱ्याने पेन काढलं. "कौन-सी कंपनी बनाती है, मॅम?"

*

शेवटी आम्हीच शोधायला निघालो. कुणी अन्नपूर्णा भागात एका दुकानाचा चौकीदार झालेला. नमुना द्यायला यायचे ते किसनजी हातोदच्या मंडीत पोती वाहायचे. घरी त्यांची बायको भेटली.

मॅडमनी विचारलं, "ताई, खोकला कसा आहे त्यांचा?"

"खोकला कमी झालाय."

मॅडमच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी उजेड आला! "धूळ सुटली ना, म्हणून."

"हो. बोलणंही कमी झालंय."



*

रोजी बुडवून कुणी येईना. नमुनेच नाहीत म्हटल्यावर ग्रँट थांबली. मशीन कापडाने झाकलं. मी काचसामान खोक्यात भरत होते, तेवढ्यात दारात गणपतजी! निम्मे झालेले. दोन पायऱ्या चढून भिंतीला टेकले होते. अंगावर इस्त्रीचा शर्ट.

"देर हो गई, मॅडमजी. तब्येत जरा ढिली होती."

सोनवणे म्हणाला, "गणपतजी, प्रोजेक्ट तर..."

मॅडमनी त्याला हातानेच थांबवलं. मला म्हणाल्या, "खोक्यातून एक डबी दे."

गणपतजींना खुर्ची दिली. पाठीवर हात ठेवला. "आरामात. खोल श्वास घ्या."

बराच वेळ लागला. डबी भरली. मॅडमनी तिच्यावर नाव लिहिलं आणि नेहमीसारखं मोठ्याने पुकारलं, "गणपत सखाराम!"

मिलच्या हजेरीला असावं तसे ते ताठ बसले. "हाजिर!"

"पुढच्या महिन्यात या हं."

"येणार ना, मॅडमजी. आता नाव पुकारणारी एवढी एकच जागा राहिली."