नसरीन मॅडम आणि मी लिहिलेली तक्रार

ज्या बाईंना काढून टाका असं मी लेखी दिलं होतं, त्या आज सकाळी अकोल्यात वारल्या.

नसरीन मॅडम. मूळच्या बाळापूरच्या. तीस वर्षं कॉलेजात भाषा शिकवली आणि रिटायर झाल्यावर प्राध्यापकांना शिकवायला लागल्या.

चार वर्षांपूर्वी अमरावतीला आमचं पाच दिवसांचं ट्रेनिंग होतं. विषय होता इंटरकल्चरल कॉम्पिटन्स. म्हणजे वेगवेगळ्या भाषांची, समाजांची पोरं एका वर्गात आली, तर एकमेकांना समजून घ्यायला त्यांना कसं शिकवायचं.

मी अकोल्यात केमिस्ट्री शिकवतो. प्रिन्सिपलनी ऑर्डर काढली म्हणून गेलो.

शेजारचे सर म्हणाले, "कल्चरल म्हंजे गॅदरिंगची तयारी का?" आम्ही सगळे हसलो.

पहिल्या दिवशी शेवटी चार शब्द बोलायला मी उभा राहिलो. खरंच कौतुक करायचं होतं.

"मॅडमचं मराठी इतकं छान आहे, की कळतच नाही."

"काय कळत नाही, सर?"

"नाही, म्हणजे... तुम्ही मुस्लिम आहात ते."

त्यांनी मार्कर घेतला आणि माझं वाक्य जसंच्या तसं बोर्डावर लिहिलं.

मी बसायला गेलो.

"उभेच राहा, सर. माया घरच्यांनी चार पिढ्या बाळापुरात सतरंज्या विणल्या. गिऱ्हाइकाशी कोणत्या भाषेत बोलत असतीन ते?"

सगळे प्राध्यापक माझ्याकडे बघत होते. कान नुसते तापले होते.

संध्याकाळी रूमवर बसून तक्रार लिहिली. 'प्रशिक्षकांनी माझा जाहीर अपमान केला. त्यांना तत्काळ बदलावे.' आणखी काही जणांच्या सह्या घेतल्या. सह्या पटापट मिळाल्या, हेही सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेनिंग सेंटरच्या डायरेक्टरांच्या केबिनमध्ये आम्ही दोघं समोरासमोर.

डायरेक्टर म्हणाले, "मॅडम, सॉरी म्हणा आणि विषय संपवा. नाहीतर मला दुसरं कुणी बोलवावं लागेल."

मॅडम माझ्याकडे वळल्या.

"सॉरी, सर. तुमाले सगळ्यांसमोर उभं ठेवलं, ते मायं चुकलं. बाजूले घेऊन बोलाले पायजे होतं."

मी मान हलवली. जिंकलो, असं वाटलं.

"पन वाक्य बोर्डावर लिहिलं, ते चुकलं नाही. ते मी पुसनार नाही. आता तुमीच सांगा, मी शिकवू का घरी जाऊ?"

डायरेक्टर माझ्याकडे बघत राहिले. माझी सही सगळ्यात वर होती.

मी इतकंच म्हणालो, "आजचा दिवस घ्या." मोठेपणा वगैरे काही नव्हता. घाबरलो होतो.

त्या दिवशी मॅडमनी मेळघाटातल्या एका कोरकू आदिवासी शिक्षकांना बोलावलं होतं. त्यांनी वीस मिनिटं पूर्ण कोरकूत शिकवलं. मग कोरकूतच प्रश्न विचारायला लागले.

माझा नंबर आला. काहीतरी पाण्याबद्दल विचारत होते एवढं हातवाऱ्यांवरून कळलं. शब्द जुळवेपर्यंत ते हसले आणि पुढच्याकडे गेले. वहीत माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं.

नंतर वही दाखवली. 'विषयात रस नाही.' म्हणाले, "आमच्या पोरांच्या नावापुढे हाच शेरा असतो."

हेच शब्द मी महिन्याभरापूर्वी लिहिले होते. सुमरती नावाच्या मेळघाटातल्या मुलीपुढे, फर्स्ट इयरच्या तोंडी परीक्षेत.

दुपारी कॉलेजात फोन लावला. क्लार्क म्हणाला, "सर, तिचा टीसीचा अर्ज आलाय. उद्या बाप येऊन राहिला न्यायले."

मी मॅडमना गाठलं. सगळं सांगितलं.

"मले काहून सांगून राहिले? तिले सांगा."

"तुम्ही चला ना सोबत."

"मी आली तं तुमी माया मांगं लपसान."

सकाळची पहिली एसटी पकडली. मूर्तिजापूरला गाडी अर्धा तास थांबली, तेव्हा कंडक्टरला सारखं विचारत होतो, कधी निघणार.

कॉलेजच्या ऑफिसबाहेर बाप-लेक उभे होते. टीसी तयार होती, फक्त सही व्हायची होती.

बाप म्हणाला, "सर, लडकी अब बोलती ही नहीं. घर ले जा रहा हूँ."

मी सुमरतीला म्हणालो, "त्या दिवशी माझं चुकलं."

ती जमिनीकडे बघत होती. मला वाटलं, संपलं.

मग म्हणाली, "उत्तर येत होतं सर. मराठीत जुळवत होती. तुम्ही हसले."

बापाने तिच्याकडे पाहिलं. महिन्याभरात पहिल्यांदाच ती इतकं बोलली होती, असं तो नंतर म्हणाला.

टीसीवर सही झाली नाही. ती राहिली. पुढे माझा विषय मात्र तिने सोडला आणि बॉटनी घेतलं. मला लागलं. पण ते बरोबरच होतं.

तक्रार मी लेखी मागे घेतली. त्यानंतर अकोटला, चांदूर रेल्वेला ट्रेनिंग असलं की मॅडम मला सोबत नेत. ओळख करून देताना म्हणत, "हे सर मले काहाडाले निघाले होते." लोक हसत. मीही हसायला शिकलो.

आज दुपारी दफनविधीला गेलो. डोक्याला रुमाल बांधला आणि मागे, भिंतीजवळ उभा राहिलो. पुढे जावं की नाही, कळत नव्हतं. इतकी वर्षं याच लोकांमध्ये राहून मला हे माहीत नव्हतं.

त्यांचा भाऊ जवळ आला. "सर, मिट्टी देनार ना?"

मी विचारलं, "कशी देतात? मला येत नाही."

त्याने माझा हात धरून पुढे नेलं. "तीन बार. दोनी हातानं."

दिली. तीन ओंजळी माती, कबरीत.

येतो मॅडम. सलाम.