अढीतले पीच

समस्त कुटुंबीय, शेजारी आणि जिन्यावरून ये-जा करणारं मांजर यांना जाहीर रीतीने कळविण्यात येते की, जिन्याखालील अढी येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता, व्याह्यांच्या साक्षीने, माझ्याच हस्ते उघडण्यात येईल. तोवर तिला कुणीही बोट लावू नये.

हे निवेदन मी जेवणाच्या ताटावरून उठून, उभा राहून केलं. श्रोता एकच होता, माझी बायको. तिने आमटी वाढता वाढता विचारलं, की मांजराला वाचून कोण दाखवणार.

आता, मावळात अढी म्हटली की ती आंब्याची. खाली भाताचा पेंढा, त्यावर आंबे, पुन्हा पेंढा, पुन्हा आंबे, आणि वरून गोणपाट. लोणावळ्यात राहायला येऊन मला पंचवीस वर्षं झाली, पण दर मे महिन्यात जिन्याखाली माझी अढी लागतेच, आणि ती कधी उघडायची हे माझं नाक ठरवतं. पण ही अढी पीचची होती. पीच आले ते मेहुण्याबरोबर. देहूरोडच्या डेपोतून निवृत्त झाल्यापासून तो दरवर्षी डोंगर बघायला लांब कुठेतरी जातो. आमचे डोंगर त्याला फुकटात दिसतात, म्हणून ते तो धरत नाही. यंदा हिमाचलातून त्याने चोवीस पीचचं खोकं आणलं. एका गालाला लाली, अंगावर लव, आणि हातात घ्यावेत तर क्रिकेटचे चेंडू. घरी पिकवून खा, म्हणाला आणि गेला.

मला एवढंच पाहिजे होतं. कारण माझ्या इभ्रतीचा एक जुना प्रश्न लोंबकळत होता.

गेल्या वर्षी आमचे व्याही पुण्याहून आले होते. व्याही सज्जन आहेत, फक्त जगातल्या प्रत्येक वस्तूचं मूळ दुकान त्यांना ठाऊक असतं. मी माझ्या अढीतला आंबा, तीन वेळा हुंगून निवडलेला, त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उलटा केला, देठाशी नाक नेलं आणि अतिशय सभ्यपणे विचारलं, "पुडी कुठली वापरता?"

पुडी म्हणजे फळ झटपट पिकावं म्हणून फळवाले पेटीत टाकतात ती पावडरीची पुडी. पंचवीस वर्षांच्या नाकाला पुडी विचारली. त्या दिवसापासून मला त्यांच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं, की पुडीचं बोललो ते मागे घेतो. आंब्याचा हंगाम सरला होता, पण पीच हाताशी होते. जो आंबा पिकवतो त्याला पीच काय जड, असा माझा हिशेब.

पेंढा मावशींकडून आला. औंढ्याच्या मावशी आमच्याकडे म्हशीचं दूध घालतात. पेंढा परत पाहिजे, म्हशीच्या तोंडचा आहे, असं त्यांनी बजावलं. मग एक पीच हातात घेऊन त्याची लव उलटसुलट चोळली आणि हे फळ दाढी करून खायचं का, असं विचारलं. मी त्यांना शांतपणे बाजूला केलं आणि थर लावायला बसलो.

बायको फोन घेऊन आली. त्यात म्हणे असं लिहिलं होतं, की पीच एकावर एक रचू नयेत, देठाची बाजू खाली करून, एकमेकांना न टेकवता कागदावर मांडावेत, शेजारी एखादं केळं ठेवावं आणि वारा लागू द्यावा. मी हसलो. फोनवर फळं पिकत नाहीत, असं एक टाळ्या घेण्याजोगं वाक्यही टाकलं. टाळ्या आल्या नाहीत. तिने आठ पीच उचलले आणि मागच्या खोलीतल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मांडले, केळ्यासकट. राहिलेले सोळा मी अढीत तीन थरांत निजवले आणि गोणपाट घट्ट खोचलं.

अढीला बोट लावू नये हा नियम मी सगळ्यांना केला होता. माझ्या अंगठ्याला तो लागू नव्हता. सकाळी चहाआधी, संध्याकाळी चहानंतर मी पेंढ्यात हात घालून वरच्या थरातलं प्रत्येक फळ दाबून बघत असे. आंबा असल्या लाडाचं वाईट मानत नाही. नाकही अढीवर ठेवत असे, पण पेंढ्याच्या वासापलीकडे त्याला काही कळेना. मी ते परक्या फळाच्या संकोचावर ढकललं.

रविवारी सकाळी सात वाजता मी एकटाच रंगीत तालीम करायला गेलो. गोणपाट काढलं आणि आतून उबट, आंबूस वाफ आली. लोणावळ्याच्या जूनमधल्या दमट हवेत मिठाला पाणी सुटतं, तिथे मी सोळा नाजूक जिवांना पांघरूण घालून कोंडलं होतं. खालचा थर लगदा झाला होता. मधल्यावर करडी बुरशी होती. वरचे धड दिसत होते, पण प्रत्येकावर तपकिरी गोल डाग, कुणाला चार, कुणाला सहा. मागून आलेल्या बायकोने एक डाग निरखला, माझा उजवा हात धरला आणि अंगठा त्या डागावर ठेवून पाहिला. चपखल बसला. पोलिसांनासुद्धा इतका सोपा मुद्देमाल मिळत नसेल.

तेवढ्यात दूध घेऊन मावशी आल्या. सोळाच्या सोळा फळं त्यांनी बादलीत भरली, म्हशीला घालते म्हणाल्या, आणि पेंढ्यासाठी दुपारी येते असं सांगून गेल्या.

पुढचं मी लाज सोडून सांगतो. मागच्या खोलीत आठ पीच मांडलेले होते. देठाजवळची हिरवी झाक जाऊन तिथे पिवळं लोणी उतरलं होतं, आणि दार उघडताच वास असा आला, की माझ्या नाकाला आपण निवृत्त व्हावं असं वाटलं. मी ते आठही पीच नेऊन कोरड्या पेंढ्यात खोचले आणि वर नवं गोणपाट घातलं. बायको दारात उभी राहून बघत होती. देठाकडून धरा, एवढंच म्हणाली.

अकरा वाजता व्याही खुर्चीत बसले आणि अढी उघडली. एकेक पीच मी असा काढला जसं काही त्याचं बारसं आहे. व्याह्यांनी पहिला घास घेतला. रस कोपरापर्यंत आला, आणि पुण्याचा माणूस रुमाल न शोधता चाटू लागला. ओळखायचं कसं, असं त्यांनी विचारलं. मग मी व्याख्यान दिलं: लालीवर जाऊ नका, ती झाडावरच्या उन्हाची, पहिल्या दिवसापासून असते. देठाजवळचा हिरवा रंग गेला का ते बघा. अंगठ्याने कधीही दाबू नका, तळव्यावर घेऊन बोटं नुसती टेकवा. मग हुंगा. शब्द न् शब्द बायकोच्या फोनमधला होता. ती समोर उभी राहून मान डोलावत होती, मास्तरीण पाठांतर ऐकते तशी.

व्याह्यांनी दुसरा पीच संपवला, बाठा बशीत ठेवला आणि म्हणाले, "व्याही, पुडीचं बोललो ते मागे घेतो. हा हात वेगळाच आहे."

वर्षभर ज्या वाक्यासाठी थांबलो ते आलं. नम्र कसं दिसावं याचा मी विचार करत होतो, इतक्यात दारात रिकामी बादली वाजली. पेंढ्यासाठी मावशी आल्या होत्या. त्यांनी व्याह्यांना बघितलं, बशीतले बाठे बघितले, माझ्या हातातला गुबगुबीत पीच बघितला, आणि मी डोळ्यांनी करत असलेल्या खुणा मात्र बघितल्या नाहीत.

"आवं भाऊ, तुमच्या अढीतली फळं तर म्हशीनं नुसती हुंगून टाकली. मंग ही कुटनं आनली?"